शाळेत श्वासाची तपासणी करा

संपादक महोदय,
ठाण्यात घोडबंदर रोडला सकाळी ग्रील पुसली तरी दुपारी बोट फिरवलं की परत काळं, मग हीच धूळ पोरांच्या छातीत काय करत असेल? फेनो नावाची टेस्ट आहे, नळीत सहा ते दहा सेकंद सावकाश फुंकायचं, श्वासातला नायट्रिक ऑक्साईड मोजतात, श्वासनलिकेला सूज असली की तो बहुतेकदा वाढतो, सुई नाही रक्त नाही. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळी तिथली हवा सुधारली तेव्हा शाळकरी मुलांच्या श्वासात हा वायू कमी झालेला दिसला होता. ॲलर्जीनेही आकडा वाढतो हे खरंय, म्हणून जोडीला स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून फुप्फुसं किती नीट चालतात ते बघायची टेस्ट, पण हवीच. महापालिकेने नुसता एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा, दाखवू नये, मानपाडा, कासारवडवलीच्या रोडलगतच्या शाळांपासून ही तपासणी सुरू करावी, तीही दरवर्षी आणि फुकट.
– एक पालक, ठाणे (प.)