टोमॅटोची पाने मुरडली म्हणून लगेच फवारणी नको

संपादक महोदय,

फेब्रुवारी सरता सरता नागपुरात ऊन तापू लागते आणि गच्चीवरच्या कुंड्यांतील टोमॅटोची पाने मुरडू लागतात. गेल्या वर्षी असेच एक पान तोडून मी दुकानात नेले. दुकानदाराने ते ओझरते पाहून ‘व्हायरस’ असे निदान केले आणि दिलेले कीटकनाशक मी दोनदा फवारले, तेही घरातली मुले त्या झाडाचे टोमॅटो येता-जाता तोडून खात असताना. झाडाला रोग नव्हताच, हे पुढे कळले तेव्हा फार वाईट वाटले.

तोडलेल्या एका पानावरून हे निदान होत नाही, कारण मुरडलेले पान झाडाच्या कोणत्या भागावर होते यावरच सारे अवलंबून असते. खालची जुनी पाने कडेने वर वळून नळीसारखी झाली असतील, हाताला जाड आणि चामड्यासारखी लागत असतील, पण हिरवी असतील व शेंडा जोमाने वाढत असेल, तर तो बहुधा उन्हाचा, अनियमित पाण्याचा किंवा एकाच वेळी फार छाटणी केल्याचा परिणाम असतो. दुपारी हिरव्या जाळीची सावली, कुंडीत पालापाचोळ्याचे आच्छादन आणि नियमित पाणी एवढे पुरते. वळलेली पाने पुन्हा सरळ होतीलच असे नाही, तरी झाड फळे देत राहते.

पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगाची लक्षणे मात्र शेंड्याकडे दिसतात. नवी पाने लहान, वाटीसारखी व कडांना पिवळसर येतात, पेरी आखूड होतात, झाड खुरटते आणि फुले गळतात. भिवापूरकडच्या मिरची उत्पादकांना परिचित असलेल्या चुरडामुरडा या मिरचीवरील रोगाचा हा भाऊबंदच. पांढरी माशी तो पसरवते. झाड हलवताच पानांखालून बारीक पांढरे किडे उडतात का, ते पाहावे. रोगट झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही, ते उपटून नष्ट करावे आणि उरलेल्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावून निंबोळी अर्क फवारावा. पुढच्या हंगामासाठी बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ हे या रोगाला प्रतिकारक असलेले वाण निवडता येते.

शेंडा पिळवटून पाने दोरीसारखी अरुंद झाली असतील, तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कोणी टू-फोर-डी हे तणनाशक फवारले होते का, याची आधी चौकशी करावी.

१९०६ पासून कृषी महाविद्यालय असलेल्या आपल्या शहरात हे निदान दुकानाच्या काउंटरवर व्हावे, याची खंत वाटते. महाविद्यालयाने आठवड्यातून एक दिवस घरगुती झाडे कुंडीसकट तपासून द्यावीत आणि आपण आपल्या पुरवणीत या तिन्ही प्रकारच्या पानांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, ही नम्र विनंती.

आपली,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर