साडेआठच्या मालिकेत कोणी बोलेनासं झालंय : वाहिनीला एक तक्रार पत्र

प्रति,
कार्यक्रम विभागप्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी,
वाहिनीचे मुंबई कार्यालय

विषय : सोमवार ते शनिवार रात्री ८.३० ची मालिका आणि शनिवार-रविवारचा विनोदी कार्यक्रम यांतले संवाद, पार्श्वसंगीत, प्रोमो आणि जाहिरातींबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, ठाण्यात एका पतपेढीत नोकरी करते. संध्याकाळची लोकल वेळेवर मिळाली तर साडेसातला घरी पोचते आणि साडेआठला आमच्याकडे तुमची वाहिनी लागते. ती लागते माझ्यापेक्षा माझ्या सासूबाईंसाठी. आईंचं वय ८२. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला चार वर्षं झाली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. त्यामुळे आमच्या घरी मालिका बघत नाहीत, ऐकतात. माझी सगळी तक्रार याच गोष्टीतून निघते, म्हणून ती आधी सांगितली.

तुमची साडेआठची मालिका सुरू झाली तेव्हा आम्ही खरंच खूश होतो. नायिका पोळीभाजी केंद्र चालवते. आमच्या स्टेशनजवळ अशी केंद्रं किती आहेत आणि संध्याकाळी तिथे किती रांग असते ते मला रोज दिसतं. मालिकेतल्या त्या ओट्यावर चार बायका पोळ्या लाटायच्या आणि सारख्या बोलायच्या. गव्हाचा भाव, कुणाची उधारी, कुणाच्या मुलीची दहावी. एका भागात दोघींचा वाद लागला होता की किलोभर कणकेत पोळ्या पस्तीस होतात की चाळीस. आई पलंगावरून मोठ्याने म्हणाल्या, "चाळीस! पण पातळ लाटूक व्हयी." त्या वेंगुर्ल्याच्या. साठ वर्षं मुंबईत काढली तरी मनातलं तोंडाला येतं ते मालवणीतच. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला किलोभर कणकेचा, तेलाचा आणि गॅसचा हिशोब समजावून सांगितला. नजर गेल्यापासून स्वयंपाकघराबद्दल त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या. तुमच्या लेखकांनी त्यांना पुन्हा ओट्यापाशी नेलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

हे फार तर अडीच महिने चाललं. मग नायिकेचं श्रीमंत घरात लग्न ठरलं, मांडवात विघ्न आलं आणि ते विघ्न पंधरा दिवस संपलं नाही. नंतर खिरीत विष आलं. नंतर अपघात, स्मृती गेली, आणि आता हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी बाई घरात आली आहे. गणपतीपासून केंद्र एकदाही दाखवलेलं नाही. त्या चार बायकांचं काय झालं, हे आई मला अजून विचारतात. दोघी दिसायला सारख्या असतील तर बघणाऱ्याला निदान टिकलीवरून किंवा साडीवरून कळतं. आईंना काहीच कळत नाही, कारण नटी एक आणि आवाजही एकच. प्रत्येक प्रसंगाला "ही कोण गो, आपली की दुसरी?" असं विचारावं लागतं, आणि मी सांगेपर्यंत पुढचं निघून जातं.

पण कथानक भलतीकडे गेलं, एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसले नसते. मालिकेत माणसं बोलेनाशी झाली आहेत, म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी मोबाइलवर वेळ लावून बसले. कोणी बोलायला लागलं की सुरू करायचं, गप्प झालं की थांबवायचं. त्या अर्ध्या तासात जाहिराती आणि तुमचेच प्रोमो मिळून नऊ मिनिटं गेली. आदल्या दिवशीचा भाग आणि शीर्षक यांत अडीच मिनिटं. उरलेल्या वेळात माणसं प्रत्यक्ष बोलली ती ६ मिनिटं ५० सेकंद. बाकी काय होतं? दारात पूजेचं ताट पडलं, आणि मग घरातल्या नऊ जणांचे चेहरे एकेक करून तीन तीन वेळा दाखवले. ते मी घड्याळात बघितलं, पावणेदोन मिनिटं. तेवढा वेळ फक्त कडकडाट, ढोल आणि कसलासा हुंकार. आई कान टवकारून बसलेल्या. "काय झाला गो? सगळे गप कित्याक?" मी म्हटलं, "ताट पडलं, सगळे बघतायत." त्या म्हणाल्या, "आणि बोलणत नाय कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या कडकडाटाबद्दल आणखी एक. आश्विनात तो पहिल्यांदा वाजला तेव्हा आईंना खरोखरच वीज चमकली असं वाटलं आणि त्यांनी मला बाल्कनीतले कपडे काढायला उठवलं. आता त्यांना सवय झाली आहे. पण संवाद चालू असतानाही मागचं संगीत इतकं मोठं असतं की हळू आवाजात बोललेलं वाक्य बुडून जातं. आम्ही आवाज वाढवतो, आणि लगेच जाहिरात लागते ती त्याहून मोठ्याने. शेजारच्या घरी तान्हं बाळ आहे. रिमोट हातात धरूनच बसावं लागतं.

प्रोमोबद्दलची तक्रार वेगळी आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तुमचा दोन तासांचा महाएपिसोड होता. आठवडाभर प्रोमोत नायिका सगळ्यांसमोर उभी राहून सत्य सांगताना दाखवली. आईंनी त्या संध्याकाळी भाचीच्या घरचं केळवण टाळलं, आम्हीही गेलो नाही. दोन तास संपताना कळलं की ते नायिकेच्या सासूला पडलेलं स्वप्न होतं. प्रोमो म्हणजे मालाचा नमुना. किराणा दुकानदाराने वरती एक गहू दाखवून पिशवीत दुसरा भरला तर आम्ही पिशवी परत नेऊन देतो. इथे परत काय नेऊन देणार? २०१९ मध्ये वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली तेव्हा आईंनी सगळ्यांत आधी तुमच्या वाहिनीचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून एक महिना चुकलेला नाही.

आई काही नवीन गोष्टींवर नाराज असणाऱ्यांपैकी नाहीत. १९६४ साली लग्न होऊन त्या परळच्या चाळीत आल्या तेव्हा शेजारच्या खोलीत रेडिओ होता, आणि 'पुन्हा प्रपंच' ऐकायला अर्धा मजला तिथे जमायचा. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. तीन माणसं, रोजच्या घरातले विषय आणि नुसतं बोलणं. आईंना आजही त्या तिघांच्या बोलण्याची ढब करून दाखवता येते. पुढे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यावर 'चिमणराव' आला. नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. दोन्हीकडे दिलीप प्रभावळकर, आणि दोन्हीकडे हसू यायचं ते वाक्याला. टिपरे आठवड्यातून एकदाच लागायची आणि पुढच्या भागापर्यंत तिच्यातली वाक्यं घरात पुरायची. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा आईंची नजर शाबूत होती, तरी त्या पडद्यापेक्षा बोलण्याकडे लक्ष देऊन बसायच्या. आकेरीच्या वाड्यातली माणसं त्यांच्या माहेरच्या बोलीत भांडत होती. पांडूचं "इसारलंय" आमच्या घरात आजही चालतं, औषधाची गोळी राहिली की आई तेच म्हणतात.

आता तुमचा शनिवार-रविवारचा विनोदी कार्यक्रम. मी इथे जरा थांबून लिहिते, कारण मला तो कार्यक्रम आवडायचा. त्यातले कलाकार गुणी आहेत. पण गेलं वर्षभर त्यात विनोद म्हणजे जाड नट, काळी नटी आणि साडी नेसलेला पुरुष, एवढंच उरलं आहे. परवा पडद्यावर हसण्याचा मोठा गडगडाट झाला. आईंनी विचारलं, "हसले कित्याक गो?" मी सांगितलं, एक माणूस साडी नेसून आलाय. त्या म्हणाल्या, "मगे? साडी तर मी पण नेसतंय." त्या पुढच्या विनोदाची वाट बघत राहिल्या. तो आला नाही. पाठोपाठ एका नटीच्या रंगावरून सलग चार वाक्यं आली, ती मात्र त्यांना नीट ऐकू गेली. आई स्वतः रंगाने काळ्या. लग्नात त्यावरून काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला सांगितलेलं आहे. त्या काही बोलल्या नाहीत, टीव्ही बंद कर म्हणाल्या.

शब्दांतून विनोद होत नाही असं नाही. 'चला हवा येऊ द्या' मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे. अरविंद जगताप यांनी लिहिलेलं ते पत्र ऐकताना तासभर हसलेलं घर एकदम शांत व्हायचं. आमच्याकडे हातातला घास हातातच राहायचा. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' मधले समीर चौघुले आणि पूर्वी त्यात असलेल्या विशाखा सुभेदार यांना आई पहिल्या वाक्यात आवाजावरून ओळखतात. तिथेही वेश असतात, नाचही असतो, पण आधी लिहिलेलं असतं. एकदा डोळे मिटून तुमचा एक भाग ऐकून बघा, एवढीच माझी विनंती आहे. हसू आलं तर माझं म्हणणं चुकीचं.

लोकलच्या लेडीज डब्यात या मालिकेवर रोज चर्चा होते. माझ्यासोबत एक परिचारिका असतात, त्या म्हणतात की बारा तासांच्या ड्युटीनंतर थोडा मसाला लागतोच, डोकं बाजूला ठेवून काहीतरी बघायचं असतं. त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. दुसऱ्या एकींना नायिकेच्या साड्या बघायच्या असतात. पण 'आई कुठे काय करते' चालू होती त्या काळात याच डब्यात बायका पोटगी, घटस्फोटानंतरचं घर, पन्नाशीला आलेल्या बाईने पहिल्यांदा कमवायला लागणं यावर बोलायच्या, भांडायच्या. ती मालिका मुळात बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली होती, तरी इथल्या बायकांना ती आपली वाटली. तेव्हा कथा बाहेरून आणली का घरात सुचली, हा प्रश्न नाही. आता चर्चा होते ती 'विष कुणी घातलं' एवढीच, आणि दिवा स्टेशन येईपर्यंत संपते.

रोज एक भाग द्यायचा म्हणजे लेखकाचे काय हाल होतात याची मला कल्पना आहे. आदल्या रात्री लिहिलेलं सकाळी सेटवर जातं असं ऐकते. मग चेहरे तीन वेळा दाखवून वेळ भरावा लागत असेल. पण मग भाग आठवड्याला सहाऐवजी पाच करा. किंवा त्या चार बायकांना परत आणा. पोळ्या लाटत त्या दहा मिनिटं सहज बोलतील, आणि त्यासाठी अपघात लागणार नाही.

दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर मालिकेचं पुढचं ठरतं, हेही आम्हाला माहीत आहे. ते आकडे मोजणारा मीटर निवडक घरांत असतो, आमच्या घरात नाही. असता तरी त्याने एवढंच सांगितलं असतं की साडेआठ ते नऊ टीव्ही चालू होता. पलंगावर बसलेली बाई काय विचारत होती, ते त्याला नोंदवता आलं नसतं. म्हणून हे पत्र.

आईंसाठी वेगळी सोय करा असं मी म्हणत नाही. संवादाच्या वेळी संगीत खाली आणा. एकाच नटीच्या दोन भूमिका असतील तर पहिल्या वाक्यात कुणीतरी तिला नावाने हाक मारा. जे भागात घडणार नाही ते प्रोमोत दाखवू नका. माणसाच्या रंगावर आणि अंगावर केलेले विनोद बंद करा, ही विनंती नाही, आग्रह आहे. आणि आठवड्यातून एकदा तरी श्रेयनामावली पूर्ण आणि वाचता येईल अशी चालवा. पहिल्या महिन्यात आई मला संवादलेखकाचं नाव वाचायला लावायच्या, आता शीर्षक सुरू होऊन चार सेकंदांत संपतं.

जाहिरातींबद्दल : केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, त्यात १० मिनिटं जाहिरातींना आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंना. मी मोजलेला अर्धा तास वर दिला आहे. पूर्ण तासाचा हिशोब आपल्याकडे असेल, तो कळवावा. याच नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. तो मिळाला नाही तर मी वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करीन.

सोबत गेल्या महिन्याच्या पावतीची प्रत आणि त्या मंगळवारच्या नोंदींचा कागद जोडला आहे. ग्राहक क्रमांक आणि फोन नंबर पावतीवर आहे. उत्तर लेखी आलं तर मी आईंना वाचून दाखवीन. फोन केलात तर त्या स्वतः बोलतील, त्यांना बोलायचं आहे. फक्त साडेआठ ते नऊ सोडून करा, तेव्हा त्या अजूनही टीव्हीसमोर बसलेल्या असतात.

आपली विश्वासू,
एक नियमित ग्राहक,
डोंबिवली (पूर्व)