आजी, तुझं माहेरचं नाव काय?

नॉरफोक बेट,
९ जून

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

काल इथे बाउंटी डे झाला. १८५६ साली याच दिवशी पॅसिफिक महासागरातल्या पिटकेर्न बेटावरची १९४ माणसं इथल्या किंग्स्टनच्या धक्क्यावर उतरली होती. त्यांचे वंशज जुन्या धाटणीचे कपडे आणि विणलेल्या टोप्या घालून स्मशानभूमीपर्यंत चालत जातात. मीही गेले. आडनावं बरीचशी बाउंटी या इंग्रजी जहाजावर बंड केलेल्या खलाशांची: क्रिश्चन, यंग, ॲडम्स, क्विंटल. ताहितीकडून आणलेल्या बायकांचं काहीच नाही.

त्यातली एक माउआतुआ. १७९० च्या जानेवारीत बाउंटी जहाजातून पिटकेर्नला आली. खलाशांनी जहाजच पेटवून दिलं, परतीची वाट संपली. तिची इझाबेला झाली. ऑक्टोबरात मुलगा झाला, तर बापाने, म्हणजे बंडाचा म्होरक्या फ्लेचर क्रिश्चनने, त्याचं नाव काय ठेवावं? थर्सडे ऑक्टोबर! म्हणजे आपल्याकडे गुरुवार आश्विन!

१७९३ मध्ये पुरुषांनी एकमेकांचे मुडदे पाडले, फ्लेचरही गेला. पुढच्या वर्षी बायकांनी माघारी जायला होडी बांधली, ती उलटली. १८०८ मध्ये अमेरिकन जहाज आलं तेव्हा आलेल्या पुरुषांपैकी एकटा ॲडम्स उरला होता. बाकी बायका आणि पोरं. बेट कोणी सांभाळलं असेल ते तूच समज.

माउआतुआ झाडाची साल भिजवून, बडवून कापड करायची. त्याला तापा म्हणतात. तिच्या हातचा तुकडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती १८४१ मध्ये वारली. १८३८ मध्येच पिटकेर्नच्या बायकांना मताचा हक्क मिळाला होता, म्हणजे म्हातारीने मत दिलंही असेल!

दुपारी शेजारच्या बाईंनी मडा वाढला: कच्ची केळी किसून उकडलेले गोळे, वर नारळाचा रस. तुझ्या शिरवाळ्याच आठवल्या, फक्त गूळ-वेलची नाही. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. त्यांनी सहज विचारलं, "मग आजीचं आधीचं नाव काय?"

मला सांगता येईना. बाबांना फोन केला, त्यांनाही नक्की माहीत नाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. दादाकडून लिहून पाठव. आणि तांदळात लिहिलं तेव्हा तुला विचारलं होतं का, तेही.

तुझी,
मनू