पोटात गेलेल्या गोळ्यांचा खरा हिशोब द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात रोजच्या गोळ्यांऐवजी पंधरवड्याचे किंवा महिन्याचे इंजेक्शन आता बऱ्याच घरांत सुचवले जाते. ‘गोळी घेतलीस का?’ ही रोजची कटकट त्याने थांबते. आम्ही या इंजेक्शनाच्या बाजूचेच आहोत. पण गोळी सोसली नाही तर उद्यापासून बंद करता येते, स्नायूत गेलेले औषध काही परत काढता येत नाही. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट या महिन्याच्या इंजेक्शनाचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३ आठवडे लागतात. म्हणून पहिली सुई टोचण्याआधीच काही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालायला हव्यात.

सगळ्यात महत्त्वाची, आणि घरोघरी झाकली जाणारी गोष्ट म्हणजे गोळ्या खरोखर किती घेतल्या. हॅलोपेरिडॉलच्या महिन्याच्या इंजेक्शनाचा डोस रोजच्या गोळीच्या १० ते १५ पट धरतात. केसपेपरवर रोज १० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर हिशोब १०० ते १५० मिलिग्रॅमचा होतो. प्रत्यक्षात निम्म्या गोळ्या गादीखाली गेल्या असतील, तर अंगाला सवय ५ मिलिग्रॅमचीच असते आणि औषध दुपटीने पडते. मग हात थरथरतात, अंग आखडते, लाळ गळते, आणि ‘इंजेक्शन पुन्हा नको’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा त्याचे चुकत नाही. उरलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या. १ तारखेपासूनच्या ३० गोळ्यांपैकी २० तारखेच्या रात्री १० उरायला हव्यात. १८ उरल्या असतील तर ८ चुकल्या, तेवढे सरळ सांगा. यात रागावण्यासारखे काही नाही, डोस त्यावरूनच ठरतो.

याच्या उलटही घडते. घरचे आमटीत किंवा चहात गोळी चुरून देतात, रुग्ण ‘मी काहीच घेत नाही’ म्हणतो, आणि डॉक्टर तेच धरून चालतात. हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाची संमती उपचाराला लागते. चोरून देणे कसे थांबवायचे, हेही त्याच भेटीत ठरवता येते.

ज्या औषधाचे इंजेक्शन मिळणार त्याच औषधाची गोळी पूर्वी घेऊन पाहिली आहे का, हे सांगा. घेतली नसेल तर आधी काही दिवस गोळी देऊन सोसते का ते बघतात. पूर्वी कधी मान वाकडी झाली, डोळे वर चढले, एका जागी बसवेना असे झाले असेल, तर औषधाच्या नावासह सांगा. औषधावर असताना खूप ताप, लाकडासारखे ताठ अंग, घाम आणि बरळणे असे झाले असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. तो प्रकार जिवावर बेततो.

किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, कारण पॅलिपेरिडोन हे अशाच इंजेक्शनातले औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडते. मधुमेह स्वतःला वा घरात असेल तर तेही बोला. वजन, कमरेचा घेर आणि उपाशीपोटीची साखर इंजेक्शनाआधी नोंदवून घ्या, म्हणजे पुढे वाढले किती ते कळते. हृदयविकार, फिट्स, पार्किन्सन, म्हाताऱ्या माणसाचा स्मृतिभ्रंश, रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, अंगावर पाजणे, चुकलेली पाळी, यातले काहीच गाळू नका. हॅलोपेरिडॉल आणि फ्लुफेनाझिन या औषधांची डेकॅनोएट, म्हणजे हळूहळू सुटणारी, इंजेक्शने तिळाच्या तेलात असतात. तिळगुळाने अंगावर गांधी उठत असतील, तर ती डॉक्टरांच्या खोलीत सांगायचीच गोष्ट आहे.

दुसरी औषधेही सांगा. फिट्सची कार्बामाझेपिन ही गोळी रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, हॅलोपेरिडॉल या इंजेक्शनांतल्या औषधांचा जोर कमी करते. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने अंग आखडणे वाढते. वैद्यांकडची सर्पगंधा रक्तदाब उतरवते, इंजेक्शनानेही तो उतरू शकतो, मग उठताना भोवळ येते. दारू आणि झोपेच्या गोळ्या लपवू नका. मोतीबिंदूची तारीख मिळाली असेल तर रिस्पेरिडोन किंवा पॅलिपेरिडोनचे नाव नेत्रतज्ज्ञांनाही सांगा, कारण शस्त्रक्रियेत बुबुळ सैल पडू शकते.

इंजेक्शन झाले म्हणून त्याच दिवशी गोळ्या बंद करणे ही नेहमीची चूक. रिस्पेरिडोनच्या पंधरवड्याच्या इंजेक्शनात औषध सुटायला वेळ लागतो, म्हणून पहिले ३ आठवडे गोळ्या चालूच ठेवतात. अरिपिप्राझोलच्या महिन्याच्या इंजेक्शनात १४ दिवस. पॅलिपेरिडोनला मात्र पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी असे दोन डोस दंडात देतात, त्यामुळे सहसा गोळ्या लागत नाहीत. आपले कोणते, हे विचारून लिहून घ्या.

पुढचे काही महिने कुठे असणार, हेही सांगा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर नक्कीच. पॅलिपेरिडोनचा महिन्याचा डोस तारखेच्या ७ दिवस आधी वा नंतर चालतो. आधीच्या डोसाला ६ आठवड्यांहून जास्त उलटले, तर सुरुवातीसारखे दोन डोस पुन्हा द्यावे लागतात. औषधाचे नाव, मिलिग्रॅम, तारीख आणि दंडात की कुल्ल्यात दिले, एवढे एका कार्डावर लिहून घेतले तर कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयातही पुढचा डोस विचारता येतो.

आपले नम्र,
मानसिक आरोग्य सेवेतील परिचारिका