खताची बादली बिघडली म्हणून टाकू नका

महोदय,

ओल्या कचऱ्याचे खत करायला घेतलेली बादली अनेक घरांत महिनाभरात गच्चीच्या कोपऱ्यात पालथी पडते. कारण बहुधा वास, नाहीतर अळ्या. वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. उरलेली आमटी, कलिंगडाच्या साली यांनी थर चिकट होतो आणि सडू लागतो. २० लिटरच्या बादलीला तळाशी व बाजूंना ८-१० मिलिमीटरची भोके पाडावीत, खाली नारळाच्या शेंड्या अंथराव्यात आणि ओल्या कचऱ्याच्या दर वाटीवर दीड-दोन वाट्या चुरलेला सुका पाला टाकावा. तीन-चार दिवसांनी खालवर करावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाण्याची धार लागली तर पाला वाढवायचा, भुरभुरीत वाटले तर पाण्याचा हबका.

पांढरी बुरशी म्हणजे काम सुरू असल्याची खूण. जाड करड्या अळ्या दिसायला किळसवाण्या, पण निरुपद्रवी. नको असतील तर वर दोन बोटे सुका पाला पसरावा. आंब्याची कोय, अंड्यांची कवचे दोन महिन्यांत कुजत नाहीत. चाळून ती पुन्हा बादलीत जातात. मासळीचे काटे आणि तेलकट रस्सा मात्र नकोच.

आठवडाभर गावाला गेलात, किंवा कंटाळा येऊन एखाद्या दिवशी देठे पालिकेच्या ओल्या डब्यात टाकलीत, तरी काही अडत नाही. सोसायट्यांनी फलकावर ‘शून्य कचरा’ रंगवण्यापेक्षा आवारातला पाला न जाळता पोत्यांत भरून ठेवावा. बादल्या बंद पडतात त्या बहुतेक पाल्यावाचूनच.

— एक वाचक, पुणे