भिंत लिंपायला या!

विनिपेग आणि आसपासच्या सर्व मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या सीमेलगत, दक्षिण मॅनिटोबातल्या स्टुअर्टबर्न परिसरात आमचं छोटं गाव आहे. गावाच्या वारसा समितीत आम्ही दोन मराठी घरं आहोत, म्हणून हे पत्र मराठीतून. गावातल्या सर्वांत जुन्या मातीच्या घराचा गिलावा सुटत चालला आहे. थंडीआधी तो नव्याने चढवला नाही, तर आतली लाकडं भिजून कुजतील.

हे घर बांधणारी माणसं गॅलिशियाची, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधली. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात होता. वाटण्या होऊन होऊन शेतांचे तुकडे झालेले, जंगल जमीनदाराचं, सरपणही विकत. १८९५ मध्ये योसिफ ओलेस्किव या प्राध्यापकांनी कॅनडातल्या मोकळ्या जमिनींवर पुस्तिका काढली. पुढच्याच वर्षी म्होरके किरिलो गेनिक यांच्याबरोबर आलेल्या जथ्यातली काही कुटुंबं स्टुअर्टबर्नला उतरली. मॅनिटोबातली ही पहिली युक्रेनी वसाहत.

दहा डॉलर भरले की १६० एकर नावावर लागायची, पण घर बांधून, जमीन कसून दाखवल्यावरच. इथली जमीन दगडाळ आणि पाणथळ. मग हीच का निवडली? कारण इथे झाडं होती, आणि शेजारी आपली माणसं. पहिला हिवाळा अनेकांनी जमिनीत खणलेल्या खोपटात काढला. पिठामिठाची सोय व्हावी म्हणून बायकापोरं रानातून सेनेकाची औषधी मुळं खणून विकत.

१९१४ च्या महायुद्धात हेच लोक ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून ‘शत्रू’ ठरले. देशभरात सुमारे ८०,००० जणांना नोंदणी करून हजेरी द्यावी लागली. १९१६ मध्ये मॅनिटोबाने शाळांतलं द्विभाषिक शिक्षणही बंद केलं. युक्रेनी भाषा उरली ती घरात आणि चर्चमध्ये. आज ती बोलणारे गावात मोजकेच आजी-आजोबा आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं कामही आम्ही हाती घेतलं आहे.

आता मागणं. चुना, पेंढा आणि ध्वनिमुद्रणाच्या साहित्यासाठी जमेल तेवढी वर्गणी द्या. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. पण पैशापेक्षा हात जास्त हवे आहेत. चिकणमाती, चिरलेला पेंढा, शेण आणि पाणी पायांनी तुडवायचं, हातांनी भिंतीवर थापायचं, वाळलं की चुना द्यायचा. आजीला घर सारवताना, भिंत लिंपताना पाहिलेल्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही. इथल्या एका आजींनी आम्हाला शेणाचं प्रमाण सांगितलं, तेव्हा आम्हाला कोकणातलं अंगण आठवलं.

काम जुलैतल्या शनिवारी, सकाळी आठपासून. मुलांना जरूर आणा, चिखल तुडवायला तीच पुढे असतात. जुने कपडे, टोपी आणि डासांचं मलम बरोबर ठेवा. दुपारचं जेवण गावाकडून: बीटचं सूप, म्हणजे बोर्श्त, आणि बटाट्याचं सारण भरलेले, उकडलेल्या करंज्यांसारखे वारेनिकी. कोण किती जण येणार, तेवढं आदल्या बुधवारपर्यंत कळवा.