रक्तदाब उभ्यानेही मोजावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरासरी रक्तदाब (म्हणजे वरच्या व खालच्या आकड्यांच्या दरम्यानचा दाब) ६० ते १५० मि.मी. असेपर्यंत मेंदूचा रक्तपुरवठा कायम राहतो, असे आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखात वाचले. डॅनिश संशोधक नील्स लासेन यांनी १९५९ साली मांडलेले हे चित्र पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले आहे. मात्र ते दाब स्थिरावल्यानंतरचे आहे. दाब एकाएकी उतरला तर पहिल्या काही सेकंदांत काय घडते, हे त्यातून कळत नाही, आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते ती नेमकी त्याच सेकंदांत.

रुन आस्लिड व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याच सेकंदांचा अभ्यास केला. निरोगी व्यक्तींच्या मांड्यांना बांधून फुगवलेले पट्टे एकदम सैल करून त्यांनी रक्तदाब सुमारे २० मि.मी.ने उतरवला आणि त्या वेळी मेंदूच्या धमनीतील रक्ताचा वेग कवटीवरून अल्ट्रासाउंडने मोजला. दाबापाठोपाठ वेगही तत्काळ घसरला; परंतु मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे, दाब अजून खालीच असताना, काही सेकंदांत तो पूर्वपदावर आला. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर मात्र हे सावरणे मंदावले, कारण त्या वायूमुळे वाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात. एवढ्या थोड्या विलंबाला महत्त्व का, तर मेंदूजवळ ऑक्सिजनचा साठा जवळपास नसतो; रक्तप्रवाह पूर्ण थांबल्यास साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते.

उभे राहिल्यावर अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. निरोगी वृद्धांत मेंदूची ही सावरण्याची क्षमता बरीचशी टिकून असते. मंदावते ती हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचा ताण वाढवून दाब पुन्हा वर आणणारी चेतासंस्थेची प्रतिक्रिया. त्यात लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांची भर पडली, की दाब अधिक घसरू शकतो. अनेक वर्षे उच्च रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत तर सुरुवातीला सांगितलेली ६० ते १५० ची मर्यादाच वर सरकलेली असते, त्यामुळे इतरांना सोसणारा दाब त्यांच्या मेंदूला अपुरा पडू शकतो.

आपल्याकडे मात्र अशी चक्कर ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून दिली जाते, आणि तपासणी शिबिरांत रक्तदाब बहुधा खुर्चीत बसवूनच मोजतात. ज्येष्ठांना पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा, आणि उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा दाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० मि.मी.ने उतरला, तर औषधांचा फेरविचार डॉक्टरांकडून करून घ्यावा. अर्थात पहिल्या पंधरा सेकंदांतील घसरण पट्टा फुगेपर्यंत भरून निघते आणि यंत्राला दिसत नाही. म्हणून आकडे ठीक आले तरी उठताना घेरी येते का, हा प्रश्न शिबिरातील तपासणी अर्जावर छापलेला असावा.

आपली,
एक निवृत्त शरीरक्रियाशास्त्र शिक्षिका, सांगली